व्यंगचित्रावरून उसळलेल्या असंतोषाविषयी कसे लिहावे : इराण, मे २००६

एखाद्या वृत्तपत्रातील चित्रावरून एखादा भाषिक समाज रस्त्यावर उतरतो, गोळीबारात माणसे मरतात, वृत्तपत्राला टाळे लागते आणि चित्रकाराची रवानगी तुरुंगात होते, तेव्हा त्यावर लिहिणाऱ्याला दोन सोप्या वाटा फार लवकर सापडतात. एका चित्रापायी एवढा गहजब कशाला, असे म्हणून पहिली वाट संपूर्ण समाजाला हळवा ठरवते. आणि चित्र केवळ निमित्त होते, खरी कारणे वेगळीच होती, असे म्हणून दुसरी वाट चित्राकडे नीट पाहण्याचे कष्टच टाळते. या दोन्ही वाटा सोडून अशा घटनेचा अभ्यास आणि मांडणी कशी करावी, हे इराणमध्ये मे २००६ मध्ये घडलेल्या प्रकरणाच्या आधारे येथे सांगितले आहे. वृत्तपत्रासाठी विशेष लेख लिहिणारे, पत्रकारितेचे विद्यार्थी आणि अभ्यासमंडळात विषय मांडणारे वाचक यांना ते उपयोगी पडावे, अशी अपेक्षा आहे.

आधी पूर्ण पान मिळवावे

अशा प्रकरणात सर्वत्र फिरत असते ते कापलेले चित्र. त्यावर विसंबून एक ओळही लिहू नये. चित्र कोणत्या पानावर होते, त्याच्या शेजारी कोणता मजकूर होता, ते पान कोणासाठी होते आणि ते छापले कोणी, ही चार उत्तरे हाती येईपर्यंत मत बनवू नये.

इराणच्या उदाहरणात ही चारही उत्तरे महत्त्वाची आहेत. वृत्तपत्राचे नाव 'इरान'. हे एखाद्या खासगी मालकाचे दैनिक नसून सरकारी वृत्तसंस्था 'इर्ना'चे, म्हणजे शासनाचेच दैनिक होते. १२ मे २००६ रोजी, शुक्रवारी, त्याच्या 'इरान-ए-जोमे' या साप्ताहिक पुरवणीत मुलांसाठी असलेल्या भागात माना नेयेस्तानी या चित्रकाराचे एक सचित्र पान आले. झुरळांनी आपल्याला हैराण करू नये म्हणून काय करावे, असा त्याचा विषय होता आणि झुरळांचा बंदोबस्त करण्याच्या नऊ युक्त्या त्यात गमतीने सांगितल्या होत्या. त्यातल्या एका चित्रात एक मुलगा झुरळाशी त्याच्या भाषेत बोलू पाहतो आणि झुरळ विचारते, 'नमना?' हा शब्द वायव्य इराणमध्ये बोलल्या जाणाऱ्या अझरबैजानी तुर्की भाषेतला आहे. त्याचा अर्थ 'काय?' असा होतो.

ज्यांनी केवळ हे चित्र पाहिले, त्यांना एका शब्दावरून एवढे काय झाले, असा प्रश्न पडला. परंतु शेजारचा मजकूर वाचला की प्रश्नाचे स्वरूप पालटते. झुरळांना माणसांची भाषा कळत नाही, म्हणून त्यांच्याशी सामोपचाराने बोलून उपयोग होत नाही, असे तेथे म्हटले होते. झुरळांच्या भाषेचे व्याकरण इतके अवघड आहे की ८० टक्के झुरळांनाच ते येत नाही आणि ती दुसऱ्याच भाषांत बोलणे पसंत करतात, असेही तेथे लिहिले होते. आता हे वाक्य तब्रीजमधल्या, म्हणजे या भाषकांच्या वायव्येकडील मोठ्या शहरातल्या, एखाद्या शिक्षकाच्या कानाने ऐकावे. त्याच्या वर्गातील मुले घरी तुर्की बोलतात, शाळेत मात्र पहिल्या दिवसापासून फारसी शिकतात, आणि स्वतःच्या भाषेचे व्याकरण त्यांना कोणी कधीच शिकवलेले नसते. जे शिकू दिले जात नाही, ते येत नाही म्हणून कोणी हसत असेल, तर ते हसणे कोठे लागते हे समजण्यासाठी फार मोठ्या सिद्धांताची गरज नाही. अशा प्रकरणातील दुखरी जागा पुष्कळदा चित्रात नसते, ती शेजारच्या साध्या दिसणाऱ्या ओळीत असते. म्हणून पूर्ण पानाचा आग्रह धरायचा.

दुसरी बाजूही त्याच वेळी नोंदवावी. 'नमना' हा शब्द फारसी बोलणारेही बोलीत थट्टेने वापरतात, आणि आपल्या मनात कोणत्याही समाजाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता, असे नेयेस्तानी यांचे म्हणणे आहे. ते खोटे मानण्याचे कारण दिसत नाही. मात्र एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत हमखास हशा पिकवण्यासाठी रूढ झालेला असणे, हीसुद्धा त्या दोन भाषिकांमधील नात्याची एक नोंदच आहे. तेहरानमध्ये 'तुर्क' माणसाला मंदबुद्धी ठरवणारे विनोद कित्येक दशके सांगितले जात आले आहेत. हेतू नसतानाही हात त्याच विनोदाकडे सहज जातो, याचा अर्थ तो विनोद समाजाच्या अंगवळणी पडलेला आहे.

ज्या भाषेची थट्टा झाली ती जाणणाऱ्या माणसाकडून आणि ज्या भाषेत थट्टा झाली ती जाणणाऱ्या माणसाकडून, अशा दोघांकडून ते पान समजून घ्यावे. पुण्यातील लेखकाला हे फारसे अवघड नाही, कारण तेथील महाविद्यालयांत इराणी विद्यार्थी कित्येक वर्षे शिकत आले आहेत आणि त्यांत अझरबैजानी कुटुंबांतील मुलेही असतात. मुंबई-पुण्यातील इराणी हॉटेलांच्या जुन्या मालकांकडे मात्र या प्रश्नासाठी जाऊन फारसे हाती लागणार नाही. त्यांचे पूर्वज मुख्यतः यझ्द आणि केरमानच्या बाजूने आलेले, फारसी किंवा दरी ही झरथुष्ट्री इराण्यांची बोली बोलणारे. इराणी म्हणजे एकच माणूस, हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि लेखाच्या पहिल्या मसुद्यातच तो मोडावा लागतो. इराणमध्ये कुटुंब असलेल्या कोणाशीही बोलल्यास त्याचे नाव, शहर किंवा विषय लेखात देऊ नये. त्याने परवानगी दिली तरीही देऊ नये.

समाजाची ओळख काळजीपूर्वक करून द्यावी

'अल्पसंख्याक' हा शब्द वाचला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे धर्माने वेगळा, संख्येने लहान आणि सत्तेपासून दूर असलेला समाज उभा राहतो. इराणमधील अझरबैजानी या तिन्ही कसोट्यांवर त्या चित्रात बसत नाहीत, आणि ही गोष्ट लेखात लवकर न सांगितल्यास पुढचे सगळे विवेचन घसरते.

धर्माने ते बहुसंख्य फारसी भाषकांप्रमाणेच शिया मुस्लिम आहेत. संख्येने ते देशातील सर्वांत मोठा बिगर-फारसी समाज आहेत. पूर्व अझरबैजान, पश्चिम अझरबैजान, अर्दबील आणि झंजान या वायव्येकडील प्रांतांत त्यांची दाट वस्ती आहे आणि तेहरान शहरातही ते फार मोठ्या संख्येने राहतात. सत्तेच्या बाबतीत पाहिले तर त्या वेळचे सर्वोच्च नेते अली खामेनेई यांच्या घराण्याचे मूळ अझरबैजानमधील खामेने या गावी आहे. १९०६ नंतरच्या घटनावादी क्रांतीत शहाच्या सैन्याविरुद्ध तब्रीजने सत्तारखानच्या नेतृत्वाखाली वेढा सोसला, आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये तब्रीजमध्ये झालेला उठाव शेवटच्या शहाच्या पतनाकडे नेणाऱ्या घटनाक्रमातील मोठा टप्पा मानला जातो. थोडक्यात, आधुनिक इराण घडवण्यात या समाजाचा वाटा मोठा आहे. त्याची तक्रार सत्तेबाहेर ठेवल्याची असण्यापेक्षा, सत्तेत येण्यासाठी आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागते, अशी अधिक आहे. हे नीट सांगितले, तर झुरळाच्या तोंडी घातलेला एक शब्द लाखो लोकांना का झोंबला हे वाचकाला वेगळे समजवावे लागत नाही.

नावांचा प्रश्नही येथेच सोडवावा. हे लोक स्वतःला बहुधा 'तुर्क' म्हणवतात. सरकारी आणि फारसी लेखनात त्यांना 'आझरी' म्हणतात, आणि हे नाव त्यांच्यातील अनेक कार्यकर्त्यांना मान्य नाही. मराठीत नुसते 'तुर्क' लिहिले तर वाचक तुर्कस्तानात पोचतो, आणि नुसते 'अझरबैजानी' लिहिले तर बाकू राजधानी असलेल्या शेजारच्या प्रजासत्ताकात. १८१३ आणि १८२८ च्या तहांनी रशिया आणि इराण यांच्यात अरास नदी ही सीमा ठरली आणि एक भाषा बोलणारा प्रदेश दोन राज्यांत विभागला गेला. हा गोंधळ तेथून आला आहे. माझ्या मते पहिल्या उल्लेखात 'इराणमधील अझरबैजानी तुर्क' असे पूर्ण लिहून पुढे 'अझरबैजानी' हा शब्द चालवणे सर्वांत कमी दिशाभूल करणारे आहे.

लोकसंख्येचा आकडा देताना तो एकच एक देऊ नये. इराणच्या जनगणनेत वांशिक ओळख नोंदवली जात नाही, त्यामुळे सगळे आकडे अंदाजाचे असतात. २००६ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे ७ कोटी होती आणि अझरबैजानींचा वाटा वेगवेगळ्या अंदाजांत एक षष्ठांशापासून एक चतुर्थांशापर्यंत सांगितला जातो. कार्यकर्ते याहून मोठा आकडा सांगतात. आकड्यांमधील हे अंतर झाकू नये. ज्या समाजाची मोजदादच होत नाही, त्याच्या मागण्यांच्या चर्चेत आकडा हाच वादाचा विषय बनतो, हे वाचकाला कळले पाहिजे.

पश्चिम अझरबैजान प्रांतात अझरबैजानींच्या शेजारी कुर्दांचीही मोठी वस्ती आहे. नगदेह हे तेथील मिश्र वस्तीचे शहर असून १९७९ मध्ये या दोन समाजांत तेथे रक्तपात झाला होता. केंद्राशी भांडणारा एक अल्पसंख्य समाज आणि त्याच्याशी भांडणारा दुसरा, अशी रचना बहुतेक ठिकाणी आढळते. लेखाचा आवाका लहान असेल तर दोन ओळी पुरतात, पण त्या दोन ओळी असाव्यात.

कालपट आखावा आणि मधले दिवस रिकामे सोडू नयेत

तारखांचा तक्ता करताना दोन रकाने ठेवावेत: एक आपल्या वापरातील तारखेचा, दुसरा इराणी सौर दिनदर्शिकेचा. पान छापले गेले ती १२ मे २००६ ही तारीख इराणी पद्धतीने २२ ओर्दीबेहेश्त १३८५ होते. तब्रीजमधील मोठे मोर्चे निघाले तो २२ मे हा १ खोर्दाद. अझरबैजानी कार्यकर्ते या आंदोलनाची आठवण खोर्दादच्याच नावाने ठेवतात, म्हणून फारसी किंवा तुर्की साधनांत शोध घेताना दुसरा रकाना नसेल तर हाती काही लागत नाही.

तक्ता केल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे छपाई आणि मोठा उद्रेक यांच्यात दहा दिवसांचे अंतर आहे. हे दहा दिवस या प्रकरणाचे मर्म आहे असे मला वाटते. पान पाहताच जमाव पेटला, अशी जी प्रतिमा अशा बातम्यांतून तयार होते, ती येथे तारखांनीच खोटी ठरते. आधी विद्यापीठांच्या आवारांत विद्यार्थ्यांनी निषेध केले, मग ते शहरांत पसरले. २२ मे रोजी तब्रीजमध्ये प्रचंड लोक जमले. त्या सुमारास उर्मिया, अर्दबील, झंजान, मेशगिनशहर आणि इतर गावांतही निदर्शने झाली. २३ मे रोजी सरकारने वृत्तपत्र बंद केले आणि नेयेस्तानी व पुरवणीचे संपादक मेहरदाद कासेमफर यांना अटक करून तेहरानच्या एविन तुरुंगात टाकले. संस्कृतिमंत्री सफ्फार हरांदी यांनी क्षमा मागितली. आणि तरीही २५ मे रोजी नगदेहमध्ये गोळीबारात माणसे मारली गेली. माफी आणि अटक झाल्यावरही आंदोलन का थांबले नाही, हा प्रश्न तक्त्याकडे पाहिल्याशिवाय सुचतच नाही. त्याचे उत्तर असे, की तोवर मागणी चित्रापुरती उरलेली नव्हती. मोर्चांतून मातृभाषेतून शिक्षणाच्या घोषणा दिल्या जात होत्या.

घटनेला कोणते नाव द्यायचे हेही प्रत्येक गावापुरते ठरवावे. 'दंगल', 'आंदोलन', 'उठाव' यांपैकी एक शब्द उचलून तो सगळ्या प्रांतांवर पसरवू नये. तब्रीजमध्ये मोठे मोर्चे होते आणि सरकारी इमारती व बँकांवर हल्ल्यांच्या बातम्याही होत्या. नगदेहमध्ये सुरक्षा दलांच्या गोळ्या होत्या. विद्यापीठाच्या आवारातील बैठ्या निषेधाला दंगल म्हणणे चुकीचे, आणि जळालेल्या इमारतीला शांततामय आंदोलन म्हणणेही चुकीचे. आणि मथळ्यात 'झुरळावरून पेटले इराण' यासारखी रचना कटाक्षाने टाळावी. ज्या उपमेने अपमान झाला तीच आपण ठळक टायपात पुन्हा छापतो आणि मेलेल्या माणसांचे मरण थट्टेचे करतो.

कारणांचा माग मागे न्यावा, पण हव्या तेवढाच

येथे अनेक लेखक थेट सोळाव्या शतकातल्या सफावी राजघराण्याच्या काळापासून सुरुवात करतात आणि मुख्य विषयापर्यंत पोचेपर्यंत जागा संपते. माझी सूचना अशी, की छापलेल्या मजकुरातील ज्या दोन गोष्टी झोंबल्या, म्हणजे भाषा न येणे आणि माणूस न मानणे, त्यांच्याशी ज्यांचा थेट संबंध आहे तेवढेच टप्पे घ्यावेत.

भाषेच्या बाबतीत तीन टप्पे पुरेसे आहेत. रेझा शहा पहलवी यांच्या १९२५ ते १९४१ या राजवटीत एक देश, एक भाषा हे धोरण कठोरपणे राबवले गेले आणि शाळा, कचेऱ्या, छापखाने यांतून फारसीखेरीज इतर भाषांना बाहेर काढले गेले. डिसेंबर १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याच्या छायेत जाफर पिशेवरी यांच्या नेतृत्वाखाली तब्रीजमध्ये स्वायत्त सरकार स्थापन झाले, त्याने अझरबैजानी भाषेला राजभाषा केले आणि शाळांत आणले. तब्रीजचे विद्यापीठही त्याच काळातले. बरोबर एका वर्षाने, डिसेंबर १९४६ मध्ये, इराणी सैन्य शहरात शिरले आणि ते सरकार कोसळले. तेव्हापासून तेहरानच्या दृष्टीने या भाषेच्या मागणीला फुटीरतेचा वास येतो, आणि तब्रीजच्या दृष्टीने ते एक वर्ष, त्याच्याविषयी मत काहीही असो, आपली भाषा शाळेत शिकवता येते याचा पुरावा ठरते. तिसरा टप्पा १९७९ च्या क्रांतीनंतरच्या राज्यघटनेचा. तिच्या १५ व्या कलमात फारसीला अधिकृत भाषा ठरवताना प्रादेशिक आणि जमातींच्या भाषा वृत्तपत्रांत व प्रसारमाध्यमांत वापरायला आणि त्यांचे साहित्य शाळांत फारसीच्या जोडीने शिकवायला मुभा दिली आहे. १९ वे कलम वंश आणि जमात यांवरून भेद न करण्याची हमी देते. शाळांच्या बाबतीत १५ वे कलम कागदावरच राहिले. म्हणजे आंदोलकांची मुख्य मागणी देशाच्या घटनेबाहेरची नव्हती. घटनेत लिहिलेलेच द्या, असे ते म्हणत होते. वाचकाला हे एक वाक्य मिळाले नाही तर बाकीचा लेख वाया गेला, असे समजावे.

अवमानाच्या बाबतीत १९९५ चा संदर्भ घ्यावा. सरकारी दूरचित्रवाणीने केलेल्या एका पाहणीच्या प्रश्नावलीत तुर्कांशी लग्नसंबंध जोडाल का, त्यांच्या शेजारी राहाल का, अशा धर्तीचे प्रश्न होते आणि त्यावरून विद्यार्थ्यांनी निषेध केला होता. २००६ चे चित्र पहिले नव्हते, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

याच्या आगेमागे देशात काय चालले होते हेही थोडक्यात सांगावे. एप्रिल २००५ मध्ये नैऋत्येकडील खुझेस्तान प्रांतातील अरबांची संख्या घटवण्याविषयीचे एक कथित सरकारी पत्र बाहेर आल्यावर तेथील अहवाझ शहरात असंतोष उसळला होता. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये महाबादमध्ये एका कुर्द तरुणाच्या हत्येनंतर कुर्दांचे आंदोलन झाले. आणि फेब्रुवारी २००६ मध्ये डेन्मार्कमधील व्यंगचित्रांच्या विरोधात तेहरानमध्ये डॅनिश वकिलातीवर हल्ला झाला होता. बाहेरच्या चित्रांनी भावना दुखावल्याचा निषेध करणाऱ्या राज्याच्या स्वतःच्या दैनिकात तीन महिन्यांनी हे पान आले, ही गोष्ट लेखात एकदा सांगावी. तिच्यावर भर देऊन दोन्ही प्रकरणे एकसारखी होती असे मात्र सुचवू नये. डेन्मार्कचा वाद धार्मिक प्रतिमेचा होता, हा भाषेचा आणि नागरिकत्वाचा आहे.

मृतांचा आकडा आणि परकीय हाताचा आरोप

नगदेहमध्ये चार जण मारले गेल्याचे अधिकाऱ्यांनी मान्य केले. अझरबैजानी संघटना आणि देशाबाहेरील गट मृतांची संख्या याहून पुष्कळ मोठी सांगतात. अशा वेळी दोन आकड्यांची सरासरी काढल्यासारखे 'सुमारे अमुक' असे लिहिणे हा सर्वांत वाईट पर्याय होय. कोणी, केव्हा, कोणत्या गावाविषयी आकडा दिला ते तसेच लिहावे. अटकांचा आकडा शेकड्यांत होता, आणि ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने पुढील काळात यांपैकी अनेक अटकांचा पाठपुरावा केला; तिची निवेदने तारखेनुसार वाचली तर पुढे खटल्यांचे काय झाले हे कळते. बातमी मे महिन्यात संपते, माणसांचे तुरुंगवास संपत नाहीत.

देशाच्या नेतृत्वाने या असंतोषामागे परकीय शत्रूंचा हात असल्याचे म्हटले. त्या काळात अणुकार्यक्रमावरून अमेरिकेशी ताण होता, त्यामुळे हा आरोप देशात अनेकांना पटलाही. तो आरोप म्हणून नोंदवावा, पुरावा मागावा आणि पुढे जावे. बाकू, तुर्कस्तान किंवा युरोपातून चालणाऱ्या गटांचे साहित्य वापरताना हीच शिस्त उलट दिशेने पाळावी. त्यांतील काही गटांना वेगळे राष्ट्र हवे आहे, तर तब्रीजच्या मोर्चातील बहुसंख्यांची मागणी तीच होती असे दाखवणारे काहीही नाही.

तीन निवाडे वेगवेगळे ठेवावेत

या लेखनातील सर्वांत कठीण भाग हा आहे, आणि येथे लेखकाने स्वतःचे मत लपवू नये. तीन प्रश्न आहेत. ते पान अपमानकारक होते का? लोकांचा संताप न्याय्य होता का? चित्रकाराला आणि संपादकाला झालेली शिक्षा न्याय्य होती का? वाचक, आणि पुष्कळदा लेखकही, पहिल्याचे उत्तर दिले की उरलेल्या दोहोंचे आपोआप मिळाले असे धरून चालतो. तसे होत नाही.

माझी उत्तरे अशी आहेत. पान अपमानकारक होते. हेतू नसला तरी होते, कारण एका भाषेला किड्याची भाषा ठरवणारा मजकूर राज्याच्या पैशाने मुलांसाठी छापला गेला होता. संताप न्याय्य होता, आणि जेथे जाळपोळ झाली तेथे ती न्याय्य नव्हती. आणि चित्रकाराला तुरुंगात टाकणे अन्यायाचेच होते. माना नेयेस्तानी हे आधी सुधारणावादी वृत्तपत्रांतून राजकीय व्यंगचित्रे काढत. त्या वाटा बंद होत गेल्यावर ते मुलांसाठीच्या चित्रांकडे वळले होते. एविनमध्ये त्यांनी सुमारे तीन महिने काढले, तात्पुरती सुटका होताच पत्नीसह देश सोडला, मलेशियात काही वर्षे काढून अखेर पॅरिसमध्ये आश्रय घेतला. त्यांना पकडल्याने तब्रीजच्या एकाही शाळेत तुर्कीची एकही तासिका सुरू झाली नाही. राज्याने आपल्या धोरणाची जबाबदारी एका चित्रकाराच्या आणि एका संपादकाच्या खांद्यावर ठेवली, आणि संतापलेल्या लोकांवर गोळीही चालवली. अपमान झालेला समाज आणि तुरुंगात गेलेला चित्रकार हे दोघे एकाच सत्तेचे बळी असू शकतात. ही गोष्ट लेखात स्पष्ट मांडता आली तर वाचक 'भावना' विरुद्ध 'अभिव्यक्ती' या ठरीव कुस्तीतून बाहेर येतो.

झुरळ या उपमेविषयी लिहिताना रवांडाची आठवण अटळ आहे. १९९४ च्या नरसंहारापूर्वी आणि त्या काळात तेथील 'कांगुरा' हे नियतकालिक आणि 'आरटीएलएम' हे आकाशवाणी केंद्र तेथील अल्पसंख्य तुत्सी समाजाला 'इन्येन्झी', म्हणजे झुरळे, म्हणत असे; डिसेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या माध्यमांच्या चालकांना दोषी ठरवले. हा संदर्भ द्यावा, कारण ही उपमा जगात कशासाठी वापरली गेली आहे हे वाचकाला माहीत असावे. पण लगेच पुढच्या वाक्यात फरक सांगावा: तेथे मारण्याचे आवाहन होते, इराणच्या पानात नव्हते. फरक न सांगता रवांडाचे नाव घेणे हा चित्रकारावर दुसरा अन्याय ठरेल.

आपल्याकडील तुलना

मराठी वाचकाला सप्टेंबर २०१६ मधील 'सामना'तील मराठा मोर्चावरचे व्यंगचित्र, त्यानंतरची दगडफेक आणि उद्धव ठाकरे यांनी मागितलेली माफी आठवेलच. तसेच, मे २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातील डॉ. आंबेडकरांवरील शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून संसदेत झालेला गदारोळ आणि पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची झालेली मोडतोड आठवेल. तुलना करायची तर ती या एका कसोटीवर करावी: चित्र कोणाच्या हातात होते आणि ज्यांच्यावर ते काढले होते त्यांची भाषा, इतिहास किंवा दुःख शाळेत, वृत्तपत्रात, न्यायालयात मांडण्याची सोय होती का. मराठा समाज राज्यातील संख्येने आणि राजकारणाने प्रबळ समाज आहे. दलितांचा प्रश्न वेगळा. अझरबैजानींचा आणखी वेगळा. दोन वाक्यांहून अधिक जागा या तुलनेला दिली की लेख इराणचा राहत नाही.

चित्र पुन्हा छापावे का

एकटे चित्र छापू नये. जागा असेल तर संपूर्ण पान, शेजारच्या मजकुराच्या मराठी अनुवादासह छापावे. जागा नसेल तर शब्दांत वर्णन करावे. अनुवाद फारसी जाणणाऱ्याकडून करून घ्यावा आणि अझरबैजानी जाणणाऱ्याला दाखवावा. इंग्रजी बातमीतील दोन ओळींवरून तयार केलेला अनुवाद चालणार नाही, कारण व्याकरणाविषयीची ती ओळ बहुतेक बातम्यांत गाळलेली असते.

लेख प्रसिद्ध झाल्यावर

जमवलेली सामग्री फेकू नये. नोव्हेंबर २०१५ मध्ये इराणच्या सरकारी दूरचित्रवाणीवरील 'फितीले' या मुलांच्या लोकप्रिय कार्यक्रमात तुर्की वळणाने बोलणारे एक पात्र आणि त्याचा मुलगा आले. हॉटेलातील शौचालयाचा ब्रश तो मुलगा दात घासायला वापरतो, असा प्रसंग दाखवला गेला. तब्रीज, उर्मिया, झंजान येथे पुन्हा लोक रस्त्यावर आले, दूरचित्रवाणीने माफी मागितली आणि कार्यक्रम बंद झाला. पुन्हा सरकारी माध्यम, पुन्हा मुलांसाठीचा भाग, पुन्हा भाषेच्या वळणावर हशा. ज्याच्याकडे २००६ चा तक्ता तयार होता, त्याला २०१५ ची बातमी एका संध्याकाळी नीट लिहिता आली असती. त्या तक्त्यात एक रकाना शेवटी मोकळा ठेवावा आणि प्रत्येक नव्या प्रसंगी तो तपासून भरावा: राज्यघटनेच्या १५ व्या कलमानुसार सरकारी शाळेत मुलांना त्यांच्या भाषेतील साहित्य शिकवायला सुरुवात झाली का, कोणत्या शहरात, आणि कोणत्या इयत्तेपासून.